शाफ्टवरची खाच

तिसरं सीलही गळलं.

नाथाजी मिस्त्रीनं गवत कापायचं मशीन बंद केलं आणि उकिडवा बसून पाहिलं. इंजिनाच्या कुशीतून शाफ्ट बाहेर येतो तिथं, तेल अडवायला बसवलेल्या रबरी सीलच्या कडेला, थेंब जमला आणि गळून पडला. पाठोपाठ दुसरा. साखर कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढची हिरवळ अशा थेंबांनी जागोजाग जळाली होती. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखी ती दिसत होती.

मोठ्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आज गळती थांबली नाही, तर मशीन पुण्याला जाईल आणि मिस्त्रींनी उद्यापासून गोदामाच्या दारात बसावं. बावीस वर्षं इंजिनांत हात घातलेल्या माणसाला अंगठीएवढ्या रबरानं रडवावं, याचं नाथाजीला नवल वाटत होतं. भीतीही वाटत होती, पण ती तो नवलाखाली झाकून ठेवत होता.

पहिलं सील जुनं निघालं असेल, रबर वाळलं असेल. दुसऱ्याची आतली स्प्रिंग ढिली असेल. तिसरं मात्र त्यानं स्वतः सांगलीला जाऊन शंभरातून निवडून आणलं होतं. रबराचा ओठ आतल्या बाजूला, त्याला ग्रीसचं बोट, नळीचा तुकडा ठेवून हातोडीच्या हलक्या टिचक्या. कुठं चूक नव्हती. आणि प्रत्येक वेळी सील बसवण्याआधी त्यानं शाफ्ट पुसून, डोळे मिटून, उजव्या हाताचं पहिलं बोट त्यावरून फिरवलं होतं. त्या बोटाची ख्याती पार शिराळ्यापर्यंत होती. लोक म्हणत, नाथाजीचं डोळं बोटात हायत. केसाएवढा ओरखडा असला तरी ते बोट तिथं थांबायचं. तिन्ही वेळा शाफ्ट लोण्यासारखा लागला होता.

मग गळतं कसं? कुणीतरी मागून हात लावत असलं पाहिजे.

मशीनपाशी दिवसभर असायचा तो एकटा यल्लाप्पा माळी. जतकडचा माणूस, अर्धं कानडी बोलणारा. कुंपणाची बोगनवेल छाटत तो पलीकडं उभा होता. नाथाजीनं त्याला हाक मारून सरळ विचारलं, की मशीनला हात लावतोस काय.

"आवं, मला शेरडू कळतंय, मशीन काय कळतंय?" यल्लाप्पा म्हणाला. त्याच्या हातात एक चप्पल होती. ती त्यानं नाथाजीच्या पायाशी ठेवली. "ही तितं पडलीवती. एक हितं, एक तितं. लगीनघरातनं पळून आलाय काय मिस्त्री?"

नाथाजीनं पायाकडं पाहिलं. डावा पाय उघडा होता. चप्पल कधी निसटली, ते त्याला कळलं नव्हतं. कामाच्या नादात व्हतं आसं, असं काहीतरी पुटपुटत त्यानं ती पायात सरकवली.

एरवी यल्लाप्पाशी तो फार बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी यल्लाप्पानं विश्वासानं एक गोष्ट सांगितली होती. त्याच्या थोरल्या भावाला महारोग झाला होता आणि तो त्याला औषधाला मिरजेला नेत होता. सुरुवातीला काही दुखलंखुपलं नाही म्हणे. भाऊ चुलीवरचं भांडं नुसत्या हातानं उतरवायचा आणि घरची माणसं कौतुक करायची, केवढं सोसतोय. ते ऐकल्यापासून नाथाजीनं यल्लाप्पाच्या हातचा चहा सोडला होता. रोज नवं निमित्त सांगायचा. यल्लाप्पाही आताशा विचारत नसे.

नाथाजीनं तेल काढून घेतलं, तिसरं सील उचकटलं आणि पेट्रोलात बुडवलेली चिंधी यल्लाप्पाकडं टाकली. पूस म्हणाला. यल्लाप्पा पुसू लागला. एकदम त्याचा हात थांबला.

"हितं नख आडतंय."

"तुज्या नखात माती हाय."

यल्लाप्पानं नख धोतराला पुसलं आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथंच अडलं. नाथाजीनं त्याला बाजूला सारलं, डोळे मिटले, बोट फिरवलं. लोणी. मग त्यानं डोळे उघडले आणि मान तिरकी करून उन्हात शाफ्टकडं पाहिलं. सीलचा ओठ जिथं घासत होता, तिथं शाफ्टला सगळीकडून खाच पडली होती. पोराला दिसावी अशी. सील जरा अलीकडं बसवलं असतं, तर पहिल्याच दिवशी गळती थांबली असती.

तो खाचेकडं बघत होता आणि त्याचं बोट खाचेवर होतं. बोट सांगत होतं, इथं काही नाही.

"प्येट्रोलनं हात गार पडलाय," तो म्हणाला.

यल्लाप्पा हसला नाही. त्यानं नाथाजीच्या पायातल्या चपलेकडं पाहिलं, मग हाताकडं. कुंपणापाशी जाऊन बोगनवेलीचा एक काटा मोडून आला आणि समोर बसला.

"हात द्या," तो म्हणाला. "आन् डोळं मिटा."

हात मागं घ्यावा असं नाथाजीला वाटलं. पण बावीस वर्षांचा नावलौकिक होता, त्यानं हात पुढं केला आणि डोळे मिटले. यल्लाप्पानं मनगट धरलं. त्याचा तळवा खरखरीत आणि कोमट होता. तो नीट कळत होता. नाथाजीला एकदम बरं वाटलं. उगाच भ्यालो, तो मनाशी म्हणाला. रस्त्यानं उसाची गाडी करकरत आली आणि लांब निघून गेली. तो वाट बघत राहिला.

"टोच की रं गड्या," तो शेवटी म्हणाला.

यल्लाप्पाची मनगटावरची पकड तेवढी घट्ट झाली.

नाथाजीनं डोळे उघडले. काटा केव्हाचा त्याच्या बोटात उभा होता.