दहा मिनिटं

पंचायतीच्या कचेरीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, ही निवृत्त हेडमास्तरांची सात वर्षांपासूनची तक्रार. दर मासिक सभेत ते उठायचे, बाही वर करायचे आणि मनगट पुढे धरायचे.

"हे किल्लीचं घड्याळ आहे. आमची ही रोज सकाळी न चुकता किल्ली देते. चाळीस वर्षं नोकरी केली, एकदा बस चुकली नाही माझी."

कारकुनाने एकदा भीत भीत मोबाइल दाखवला, तर मास्तर म्हणाले, "त्याला रेंज मिळत नाही, वेळ कुठून मिळणार?"

शेवटी काल सरपंचबाईंनी हात टेकले. पाण्याच्या टाकीचा विषय सलग तिसऱ्या सभेत मागे पडत होता. ठराव एकमताने मंजूर झाला, कारकून शिडीवर चढला आणि त्याने काटा दहा मिनिटं पुढे सरकवला. मास्तरांनी खालून दोन्ही घड्याळं ताडून पाहिली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

घरी पोचल्या पोचल्या, चपलाही न काढता त्यांनी बायकोला सांगितलं, "आजपासून अख्खं गाव माझ्या वेळेवर चालणार."

मास्तरीणबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.



"अहो, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तुमची तीनदा बस चुकली, तेव्हापासून किल्ली देताना मी ते दहा मिनिटं पुढे करून ठेवतेय."