मास्तरांची जागा

वीस वर्षं लोकांना गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना वेगमर्यादा तोडल्याचं चलान आलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. चाळीसच्या रस्त्यावर ब्याण्णव! “मी त्या दिवशी परगावी होतो,” पुटपुटत त्यांनी हरकतीच्या अर्जात ठणकावून लिहिलं, ‘आमच्या घरात दुसरं कुणी गाडी चालवत नाही.’ जोडायला म्हणून कॅमेऱ्याचा फोटो उघडला आणि ते थिजलेच. स्टिअरिंगवर बायको! शिकवणीच्या तिसऱ्याच दिवशी ‘तुला जन्मात जमणार नाही’ म्हणत त्यांनी जिला भररस्त्यात उतरवलं होतं, तीच. शेजारी, शिकवणाऱ्या मास्तरांच्या जागेवर, हृदयविकाराचा झटका आलेले त्यांचे वडील कलंडलेले. “दहा मिनिटं उशीर झाला असता तर हाती लागले नसते,” डॉक्टर म्हणाले होते. “शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं,” बायकोने सांगितलं होतं. मास्तरांनी अर्ज फाडला. दारातून बायकोचा चाचरता आवाज आला, “अहो, वळताना इंडिकेटर दिला होता मी.”