किडे नसलेली नदी

"बघा मॅडम, एक किडा सापडला तर नाव बदलीन!" कारखान्याचे मॅनेजरसाहेब काठावरून ओरडले.

मी गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटत होते. नदी निरोगी असेल तर दगडांखाली किड्यांची पिल्लावळ नांदते. तिच्यावरूनच मी पाण्याची तब्येत ओळखते. इथे हाताला नुसती बुळबुळ लागत होती.

"तुम्ही किडे शोधायला येणार हे कळल्याबरोबर नदीत औषध मारून घेतलं. पाहुणे यायचे म्हणजे साफसफाई नको?"

साहेबांनी चांगलेच अकलेचे दिवे पाजळले होते. मी तळचा गाळ जाळीत घेतला. कसल्याही घाणीत तग धरणारी लाल अळीसुद्धा त्यात मरून पडली होती.

काठावर साहेब मात्र ठणठणीत होते.