उघड्या विटांचं चर्च

चिंचवडच्या कारखान्यांच्या वस्तीतलं ते चर्च रोझलिनबाईंना कधीच आवडलं नव्हतं. ना मनोरा, ना पांढरा रंग. उघड्या लाल विटांच्या सरळसोट भिंती आणि वर सपाट छप्पर. "हे कसलं चर्च, गोडाऊन आहे," असं म्हणून त्या दर रविवारी पुण्यातल्या जुन्या चर्चला जायच्या. नवरा स्तेफन मात्र हसून इथंच यायचा.

तो मशीनवर काम करता करता छातीत कळ येऊन गेला. अंत्यविधीचा मिस्सा पुण्यालाच करायचा, असं रोझलिनबाईंनी फादरना सांगितलं. फादर एवढंच म्हणाले, "बाई, त्याच्या सोबतच्यांना जेवणाची सुट्टी तेवढी मिळते. तिकडं कुणालाच पोचता येणार नाही." त्या नाइलाजानं तयार झाल्या.

दुपारी कारखान्याचा भोंगा वाजला. निळ्या कपड्यांतली माणसं आली आणि चर्चच्या दाराबाहेरच उभी राहिली. रोझलिनबाई उठून त्यांच्याकडे गेल्या. "आत या ना."

"कपड्यांना ऑइल आहे, वहिनी," भोईटे म्हणाले. स्तेफनला उचलून दवाखान्यात नेलं होतं ते त्यांनीच. "बाकं खराब होतील."

"होऊ देत." त्यांची बाही धरून रोझलिनबाईंनी त्यांना शवपेटीजवळ, आपल्या शेजारी बसवलं. मागोमाग सगळे आत आले. बाकं भरली, तसे लोक भिंतींना टेकून उभे राहिले.

फादरनी विचारलं, "सुरू करू?"

रोझलिनबाईंनी मागं वळून पाहिलं.

"थोडं थांबा, फादर," त्या म्हणाल्या. "रस्ता ओलांडून अजून माणसं येतायत."