तांदळातलं नाव

"झुंबर नावाची मुलगी इथं नाही," अमेरिकेहून आलेली मडम म्हणाली. "ही ज्युलिया. इंग्रजी शिकायचं, तर नावही इंग्रजीच हवं."

"हिच्या आत्यानं बारशाला कानात सांगितलेलं नाव पुसणारी तू कोण?" आईनं लेकीचं मनगट धरलं. "नको तुझी शाळा. चल गं घरी!"

झुंबर जागची हलली नाही. "घरी नेऊन लग्नच लावाल ना? सासरी तांदळात नवं नाव लिहितील, तेव्हा भांडशील?"

आईची पकड सुटली. ती वळून मडमेवर कडाडली.

"लग्नात माझी मंजुळाची सावित्री केली, तेव्हा मी गप्प बसले. आता नाही बसायची. पोरगी इथंच शिकेल. लग्न नाही, आणि ज्युलियाही नाही. म्हण माझ्यामागून, झुंबर!"