काउंटरमागची खुर्ची

कापडाच्या दुकानात सासू-सून एकाच काउंटरला दिवसभर उभ्या असायच्या. विक्रीवरच्या बायकांना बसायला खुर्ची मिळावी म्हणून एका महिला संस्थेच्या ताईंनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि शेवटी खुर्ची आली. पायांच्या शिरा तटतटून फुगलेल्या सासूबाई पहिल्याच दुपारी तिच्यावर जरा टेकल्या. संध्याकाळी मालक मधाळ आवाजात म्हणाला, "मावशी, आता झेपत नाही तुम्हाला. उद्यापासून घरीच आराम करा."

तेव्हापासून सून त्या खुर्चीवरची धूळ तेवढी पुसायची.

आज ताई स्वतः बघायला आल्या. खुर्ची पाहून त्यांचा चेहरा फुलला. "काय गं, बसता ना आता?"

गल्ल्यावरचा मालक हसतमुखाने कान टवकारून होता. घरात आता सुनेचा एकटीचाच पगार यायचा.

"बसतो की," ती म्हणाली.

"आणि सासूबाई?"

"घरी आराम करतायत." तिने खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही टेका ना ताई, दमला असाल."

ताई टेकल्या आणि भारावून म्हणाल्या, "बघच तू! आता एकूण एक दुकानात अशी खुर्ची ठेवायला लावते."