मिशीवाला पाहुणा

चांगुणाबाईंनी पदर खोचला, काचेच्या टाकीत हात घातला आणि सकाळपासून तळाशी निपचित पडलेला मासा अलगद बाहेर काढला. मित्राच्या लग्नाला जाताना मुलगा बजावून गेला होता, "आये, चार दिवस सांभाळ गं. दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतले आहेत, जिवापाड जपलेत मी." आणि पहिल्याच दिवशी एक गेला!

बोटाएवढा जीव आणि त्याला चक्क मिशा. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेल्या चांगुणाबाईंनी सवयीने त्याचा डोळा बघितला. डोळ्यावरून मासा ओळखण्यात त्यांचा हात धरणारं बंदरावर कुणी नव्हतं.

माशाने डोळा मारला.

त्यांच्या हातून तो सुटला, टाकीत पडला आणि वाळूत मिशा खुपसून पुन्हा जागच्या जागी बसला. "मेल्या, नुसता बसलाच होतास होय!" चांगुणाबाई ओरडल्या. त्याने परत डोळा मारला. आजवर हजारो माशांच्या डोळ्यांत त्यांनी बघितलं होतं, पण उलट त्यांच्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.

रविवारी मुलगा परतला. टाकीत सहाही मासे ठणठणीत होते. ताटात मात्र दुधीची भाजी. कोळ्याच्या घरात, रविवारी!

"आये, बांगडा नाही आणलास?"

चांगुणाबाईंनी झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि टाकीकडे चोरून पाहिलं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "त्याच्यासमोर त्याच्या नातेवाइकांची नावं नको काढूस."